उशिरा मिळालेली दाद आणि न झाकलेला नट : 'एक होता विदूषक'च्या स्वीकाराचा पुनर्विचार

१

भवभूतीने 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत आपल्या समकालीन निंदकांना जे उत्तर दिले आहे, त्याचा आधार उपेक्षित कलाकृतींच्या समर्थनार्थ नेहमी घेतला जातो. आपल्याशी समानधर्मा असा रसिक पुढे कधीतरी जन्माला येईल, किंवा आजही कोठेतरी असेल, असा विश्वास भवभूती तेथे व्यक्त करतो आणि त्यासाठी दोन कारणे देतो. पहिले कारण काळाच्या अमर्यादतेचे आहे. दुसरे पृथ्वीच्या विस्ताराचे. उपेक्षेनंतरच्या गौरवाची चर्चा करताना यांपैकी पहिल्याच कारणाकडे लक्ष दिले जाते. 'ही कलाकृती काळाच्या पुढे होती' हे विधान केले की प्रश्न सुटला, असे मानण्याची प्रथा पडली आहे. एकाच काळात निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या तयारीचे रसिक असतात, ही दुसऱ्या कारणात अंतर्भूत असलेली गोष्ट मात्र सहसा विचारात येत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. पुस्तक न खपता ग्रंथालयात पडून राहू शकते. चित्रपटाचे भवितव्य पहिल्या काही आठवड्यांतच ठरते. तरीही प्रदर्शनाच्या वेळी नाकारले गेलेले आणि पुढे आदराने पाहिले जाऊ लागलेले चित्रपट भारतीय परंपरेत कमी नाहीत. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) आणि राज कपूर यांचा 'मेरा नाम जोकर' (१९७०) ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. मराठीत जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना'ला आरंभी थंड प्रतिसाद मिळाला. १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात त्याचा समावेश झाला आणि त्यानंतर पुन्हा प्रदर्शित झाल्यावर तो चालला. येथे उपेक्षा आणि गौरव यांच्यामध्ये काळाचे अंतर फार थोडे होते. मधे आली ती बर्लिनची मोहोर. म्हणजे जे घडले ते भवभूतीच्या पहिल्या कारणापेक्षा दुसऱ्या कारणाला जवळचे होते.

पहिल्या कारणाला चित्रपटाच्या क्षेत्रात आणखी एक मर्यादा पडते. काळ अमर्याद असला तरी फीत अमर्याद टिकत नाही. बाबूराव पेंटर यांच्या १९२५ च्या मूक 'सावकारी पाश'चा गौरव आज इतिहासग्रंथांत वाचावयास मिळतो. तो चित्रपट पाहून त्याचे पुनर्मूल्यमापन करण्याची शक्यता उरलेली नाही. युक्त फिल्म सहकारी संस्थेच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७६) या चित्रपटाची प्रत बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेत शिल्लक होती, म्हणूनच तिच्यावरून अंकीय आवृत्ती तयार होऊन २०१४ मध्ये ती बर्लिन महोत्सवात दाखवता आली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन होईपर्यंत आपल्याकडे जपणुकीची संस्थात्मक व्यवस्थाच नव्हती. उशिरा दाद मिळण्यासाठी आधी प्रत शिल्लक असावी लागते. त्यामुळे 'काळ न्याय करतो' या वचनात जी निश्चिती गृहीत धरलेली असते, तिला चित्रपटाच्या इतिहासाचा आधार नाही.

प्रस्तुत लेखात 'एक होता विदूषक' (१९९२) या एकाच चित्रपटाच्या संदर्भात उशिराच्या दादेचे स्वरूप तपासावयाचे आहे. हा चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी का नाकारला गेला, आज त्याला मिळणारी दाद कशाला मिळते आहे, आणि महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील सालेकशासारख्या ठिकाणाहून पाहिल्यास या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कशी बदलतात, असे हे तीन प्रश्न आहेत.

२

'एक होता विदूषक'ची निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने केली. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गीते ना. धों. महानोर यांची आणि संगीत आनंद मोडक यांचे होते. 'गुळाचा गणपती' (१९५३) नंतर जवळजवळ चार दशकांनी पु. ल. पटकथेकडे वळले होते. तमाशातील कलावंतिणीच्या पोटी जन्मलेला आबूराव हा सोंगाड्या फडातून चित्रपटसृष्टीत आणि तेथून राजकारणाच्या वर्तुळात जातो, असा कथेचा प्रवास आहे. आबूरावाची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केली. मधू कांबीकर, निळू फुले, मोहन आगाशे, वर्षा उसगावकर, दिलीप प्रभावळकर अशी समर्थ नटमंडळी त्यांच्याबरोबर होती. चाळिसाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि त्यातील नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना गौरवण्यात आले. तिकीटबारीवर मात्र त्याला यश लाभले नाही.

या तपशिलावरून पहिलीच गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की या चित्रपटाला सर्वस्वी दाद मिळाली नाही असे म्हणता येत नाही. शासनाच्या परीक्षक मंडळाने त्याला त्याच वर्षी दाद दिली. ज्याला विलंब झाला तो प्रेक्षकांचा स्वीकार होता. पुढे गाण्यांच्या ध्वनिफितींतून, दूरचित्रवाणीतून आणि अखेरीस इंटरनेटवरून हा चित्रपट ज्यांच्यापर्यंत पोहोचला, त्यांच्यात आज तो बेर्डे यांच्या कारकिर्दीतील सर्वश्रेष्ठ काम म्हणून उल्लेखिला जातो. 'उशिराची दाद' ही संज्ञा वापरताना दाद कोणाची आणि कशाबद्दलची, हे वेगळे करून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नाकारले जाण्याचे कारण सहसा एका वाक्यात सांगितले जाते : प्रेक्षक हसायला आले होते आणि त्यांना रडवले गेले. हे कारण खोटे नाही, पण ते पुरेसे नाही. १९८३ च्या 'टूर टूर' या नाटकापासून बेर्डे यांच्या विनोदी अभिनयाला मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. 'धूमधडाका' (१९८५), 'दे दणादण' (१९८७), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), 'थरथराट' (१९८९) या चित्रपटांनी त्यांच्या चेहऱ्याला एक निश्चित अर्थ दिला. तो चेहरा पडद्यावर आला की पुढे काय घडणार याचा करार प्रेक्षकाशी आधीच झालेला असे. 'एक होता विदूषक'च्या जाहिरातीतही तोच चेहरा होता, आणि चित्रपटाच्या नावात 'विदूषक' हा शब्द होता. करार मोडला जाण्याची सारी सामग्री येथे पूर्वतयार होती.

३

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्स येथील व्याख्यानात मांडलेली 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना या स्थितीला प्रथमदर्शनी चपखल लागू पडते. कलाकृती प्रकट होते तेव्हा वाचकाजवळ पूर्वपरिचित प्रकारांचे, रूढ संकेतांचे आणि आधीच्या कृतींचे एक क्षितिज असते. नवी कृती त्या क्षितिजापासून जितकी दूर, तितका तिचा स्वीकार कठीण; पुढे क्षितिज बदलले की तीच कृती सुगम होते. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'ची आणि त्याच सुमारास तिच्यापेक्षा अधिक लोकप्रिय ठरलेल्या फेदोच्या 'फानी' या कादंबरीची तुलना याउस यांनी याच संदर्भात केली आहे.

परंतु ही संकल्पना जशीच्या तशी स्वीकारली, तर 'एक होता विदूषक' ही रूपदृष्ट्या बंडखोर कृती होती असे मानावे लागेल. तसे दिसत नाही. उत्कर्ष आणि ऱ्हास यांची सरळ काळरेषेवरची कथा, गीतांची विपुलता, तमाशाचे रंगतदार प्रसंग ही सारी सामग्री मराठी प्रेक्षकाच्या पूर्ण परिचयाची होती. तमाशापटाची परंपरा तर मराठी चित्रपटाइतकीच रुळलेली. १९७१ च्या 'सोंगाड्या'त वसंत सबनीसांनी आणि दादा कोंडक्यांनी तमाशाच्या नादी लागलेल्या भोळ्या नायकाला अमाप लोकप्रियता मिळवून दिली होती. 'अशी ही बनवाबनवी'ची पटकथाही सबनीसांचीच. पुढे २०१० मध्ये आनंद यादव यांच्या कादंबरीवरील 'नटरंग' प्रदर्शित झाला. त्यातील गुणाची कथा आबूरावाच्या कथेइतकीच करुण, किंबहुना अधिक दाहक आहे. ती प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. अतुल कुलकर्णी यांच्या चेहऱ्याशी प्रेक्षकाचा विनोदाचा करार नव्हता, हा दोहोंतील एक मोठा फरक मानावा लागतो. तेव्हा प्रकार, विषय आणि करुण शेवट यांपैकी कशाचीही अडचण मूलतः नव्हती. अडचण नटाच्या चेहऱ्यापाशी होती.

या अडचणीचे वर्णन करण्यासाठी अभिनवगुप्ताची रसविघ्नांची मांडणी अधिक उपयोगी पडते. 'अभिनवभारती'त त्याने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दुसरे विघ्न असे की, प्रेक्षक समोरच्या भावाला विशिष्ट व्यक्तीचा, विशिष्ट देशकालाचा मानून त्यात अडकतो; मग ते सुखदुःख स्वतःचे असो की परक्याचे, त्याचे साधारणीकरण होत नाही. या विघ्नावरचा उपाय नाट्याच्या रचनेतच योजलेला असतो. पूर्वरंगात आणि प्रस्तावनेत नट नट म्हणूनच दिसतो. नंतर मुकुटादी वेषभूषेने त्याचे नटपण झाकले जाते. त्यामुळे 'हा अमुक नट' ही जाणीवही प्रबळ राहत नाही आणि 'हा खराच राम' असा भ्रमही होत नाही. या दोहोंच्या मधल्या अवकाशात रसप्रतीती घडते.

लोकप्रिय चित्रपटनटाच्या बाबतीत हे झाकणे दुष्कर असते, कारण त्याचा चेहरा हाच त्याचा वेष झालेला असतो. १९९२ च्या प्रेक्षकाला आबूरावाच्या ठिकाणी बेर्डे दिसत राहिले. आबूरावाचे दुःख हे आबूरावाचे न राहता 'लक्ष्या आज रडतो आहे' या प्रतीतीत अडकले. याउस यांच्या परिभाषेत जे क्षितिजाचे अंतर म्हणून काळाच्या स्वाधीन होते, ते अभिनवगुप्ताच्या परिभाषेत एक निश्चित विघ्न ठरते. आणि विघ्नाच्या बाबतीत विचारण्याचा प्रश्न असा की, ते दूर झाले आहे काय? काळ लोटल्याने ते आपोआप दूर होईल असे मानण्याचे कारण नाही.

४

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी चित्रपटाने विदूषकाविषयी काय म्हटले आहे हे पाहिले पाहिजे. आबूरावाच्या आयुष्यातील तीन टप्पे ही हास्याच्या तीन अवस्थांची मांडणी आहे. फडातील हास्य समोरासमोरचे असते. बतावणीत सोंगाड्या एक शब्द टाकतो, समोरचा प्रेक्षक त्याला प्रतिसाद देतो, आणि त्या प्रतिसादावर पुढचा शब्द घडतो. वगातल्या राजाची, पाटलाची, कोतवालाची खिल्ली उडवण्याची मुभा सोंगाड्याला असते, कारण त्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नसते. चित्रपटाच्या टप्प्यावर हा समोरचा प्रेक्षक नाहीसा होतो. विनोद यंत्रासमोर करावयाचा आणि दुसऱ्याने ठरवलेल्या जागी करावयाचा. हास्याचे उत्पादन होऊ लागते. राजकारणाच्या टप्प्यावर प्रेक्षक पुन्हा समोर येतो, पण आता हास्य सत्तेच्या बाजूने वापरले जाते. गर्दी जमवण्याचे ते साधन होते. ज्याच्यावर हसायचे त्याच्याच व्यासपीठावर विदूषक बसतो.

संस्कृत नाटकातील विदूषक राजाचा मित्र असतो, पण राजसत्तेचा वाटेकरी नसतो. 'मृच्छकटिका'तील मैत्रेय तर दरिद्री चारुदत्ताचा सोबती. विदूषकाच्या बोलण्याची मुभा या वाटेकरी नसण्यावर अवलंबून असते. आबूराव वाटेकरी होण्याच्या जवळ जातो आणि ती मुभा गमावतो. पु. लं.नी हा विषय प्रथमच हाताळला असे नाही. 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यात राजकीय नेतृत्वाची हजेरी घेण्यासाठी त्यांनी तमाशाचे रूप वापरले होते. ब्रेख्टच्या नाटकावरून केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'त (१९७८) त्याच रूपातून गुन्हेगारी आणि प्रतिष्ठा यांचे लागेबांधे दाखवले होते, आणि तेथेही दिग्दर्शक जब्बार पटेलच होते. पटेल यांच्या बाजूने पाहिल्यास 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९) यांतील सत्तेची चिकित्सा आणि 'जैत रे जैत'मधील (१९७७) महानोरांच्या गीतांची लोकलय या दोन धारा येथे एकत्र आल्या आहेत. पण या चित्रपटात पु. ल. पहिल्यांदाच हसवणाऱ्याच्या हसवण्याचा हिशेब मांडतात. आयुष्यभर महाराष्ट्राला हसवलेल्या लेखकाने उत्तरायुष्यात लिहिलेली ही संहिता त्याच्या विनोदविचाराचा महत्त्वाचा दस्तऐवज म्हणून वाचली जावयास हवी होती. पु. लं.वरील समीक्षेत तिला व्यक्तिचित्रांच्या आणि प्रवासवर्णनांच्या मानाने फारच थोडी जागा मिळाली आहे.

या तिन्ही टप्प्यांनंतर आबूरावासमोर उरते ती त्याची न हसणारी मुलगी. हजारोंना हसवलेल्या कलावंताचा प्रेक्षक एका बालिकेपुरता आकुंचित होतो आणि तिच्या एका हसण्यासाठी त्याची सारी कला पणाला लागते. चित्रपटाच्या शीर्षकातील 'एक होता' हा परीकथेचा प्रारंभ या नात्यातून अर्थपूर्ण होतो. भवभूतीला हवा असलेला समानधर्मा रसिकही एकच होता. येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदवण्यासारखी आहे : पुढे जन्मणाऱ्या रसिकाची वाट पाहणाऱ्या भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. त्या जाणकार रसिकाच्या प्रतीक्षेत विदूषकाला स्थान नव्हते. 'एक होता विदूषक' ती प्रतीक्षाच विदूषकाच्या स्वाधीन करतो.

चित्रपट निर्दोष आहे असे यावरून समजू नये. राजकारणाचा भाग घाईने आणि काहीसा आराखड्यासारखा येतो. 'सिंहासन'मधील सत्तेच्या सूक्ष्म हालचाली येथे ठळक रेषांत उरल्या आहेत. गीतांची रेलचेल काही ठिकाणी कथेला थांबवते. याहून मूलभूत प्रश्न शीर्षकाचा आहे. फडावरच्या कलावंताला स्वतःचे नाव आहे. तो सोंगाड्या असतो. 'विदूषक' हे नाव संस्कृत नाटकाच्या वाचकाने त्याला दिलेले आहे. या नामांतराबरोबर तमाशाकडे पाहण्याची दृष्टीही पांढरपेशी होते. कलावंतिणीचे आणि फडाचे जग या चित्रपटात सहानुभूतीने येते. त्या जगाची जातिव्यवस्थेत रुजलेली कठोर आर्थिक घडण मात्र बरीचशी पार्श्वभूमीत राहते. तमाशाच्या प्रेक्षकाला त्यात आपला सोंगाड्या पुरता सापडला नाही आणि बेर्डे यांच्या विनोदाच्या प्रेक्षकाला आपला नट सापडला नाही, असे दुहेरी अंतर येथे पडले होते. नाकारले जाण्याची सारी जबाबदारी प्रेक्षकावर ढकलणे म्हणूनच न्याय्य ठरणार नाही.

५

आतापर्यंत 'प्रेक्षक' हा शब्द एकवचनी वापरला गेला. मराठी चित्रपटाच्या चर्चेत हा एकवचनी प्रेक्षक बहुधा पुण्या-मुंबईचा, फार तर कोल्हापूर-साताऱ्याचा असतो. सालेकसा या तालुक्याच्या गावावरून पाहिल्यास त्याचे एकवचन टिकत नाही. 'एक होता विदूषक' प्रदर्शित झाला तेव्हा हा तालुका भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मुंबई-हावडा लोहमार्गावर आमगावच्या पुढे सालेकसा आणि दरेकसा ही महाराष्ट्राच्या हद्दीतील अखेरची काही स्थानके. पलीकडे डोंगरगड आणि राजनांदगाव, म्हणजे छत्तीसगड. मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी या भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात.

या प्रदेशाला स्वतःची रंगभूमी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात आणि धानाची कापणी आटोपत गेली की गावोगावी रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके रंगतात; होळीच्या सुमारापर्यंत हा हंगाम चालतो. दंडार आणि खडी गंमत हे लोकरंजनाचे प्रकार तिच्या मुळाशी आहेत. हरिश्चंद्र बोरकर यांच्या संशोधनामुळे झाडीबोली आणि तिची लोकरंगभूमी हा अभ्यासाचा विषय झाला. या नाटकांत कौटुंबिक शोकांतिका, गाणी, नाच आणि विनोदी पात्राचे प्रवेश एकाच रात्रीत शेजारी शेजारी नांदतात. करुण प्रवेशाने डोळे पुसणारा प्रेक्षक पुढच्याच प्रवेशात पोट धरून हसतो आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणून ओळखले जाणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातील अनेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले. त्यांच्या प्रेक्षकांनी मात्र ही दाद कित्येक वर्षे आधीच दिलेली होती. उशीर झाला तो बाहेरच्यांना.

सीमेच्या पलीकडे राजनांदगावच्या परिसरात छत्तीसगढी नाचा हा लोकनाट्यप्रकार आहे. हबीब तन्वीर यांनी याच परंपरेतील कलावंतांना घेऊन 'चरणदास चोर' उभे केले. नाच्यात 'जोक्कड' हे मध्यवर्ती पात्र असते. तो मधेमधे येऊन हसवणारा पूरक नट नसून खेळाचा चालक असतो. हसवणे, टोचणे आणि प्रसंगी रडवणे ही तिन्ही कामे त्याचीच. सालेकसा हे गाव अशा रीतीने दोन विदूषकपरंपरांच्या सांध्यावर आहे. अलीकडे दंडारीतला आणि नाटकातला विनोदी नट, पलीकडे नाच्यातला जोक्कड.

या सांध्यावर घडलेल्या रसिकाला विदूषकाच्या डोळ्यांतील पाणी हा करारभंग वाटण्याचे कारण नाही. त्याच्या रंगानुभवात हसवणारा आणि रडवणारा हे वेगळे नट नाहीतच. पश्चिम महाराष्ट्रातील तमाशाच्या तपशिलांशी त्याचा परिचय कमी असेल, पण विदूषकाच्या द्विविध सामर्थ्याशी त्याचा परिचय अधिक आहे. याचा अर्थ १९९२ मध्ये या चित्रपटाचा समानधर्मा रसिक अस्तित्वातच नव्हता असे म्हणता येत नाही. तो असण्याची पूर्ण शक्यता होती. व्यावसायिक वितरणाची नजर मात्र मोठ्या शहरांतील पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर खिळलेली होती आणि त्यावरच चित्रपटाचे भवितव्य ठरत होते. भवभूतीचे दुसरे कारण विसरल्याचा हा परिणाम आहे. चित्रपट काळाच्या पुढे होता असे म्हणण्यापेक्षा तो आपल्या पृथ्वीच्या फार थोड्या भागावर दाखवून पाहिला गेला, हे विधान अधिक सयुक्तिक ठरेल.

६

आता उरला तो विघ्न दूर झाले काय हा प्रश्न. १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले. त्यानंतर 'एक होता विदूषक'विषयी जे बोलले जाते त्याचा सूर बहुधा हळहळीचा असतो : या नटाची खरी ताकद आपण ओळखली नाही, त्याला विनोदातच अडकवून ठेवले, येथे त्याने आपण गंभीर अभिनेता असल्याचे सिद्ध केले होते. ही हळहळ प्रामाणिक आहे. पण तिचे स्वरूप तपासले असता असे आढळते की, १९९२ मध्ये ज्या विघ्नाने चित्रपट झाकला गेला, तेच विघ्न येथे उलट दिशेने काम करीत आहे. तेव्हा आबूरावाच्या जागी हसवणारा लक्ष्या दिसत होता. आता अकाली गेलेला लक्ष्या दिसतो. नट तेव्हाही झाकला गेला नव्हता आणि आजही झाकला जात नाही. आबूरावाच्या दुःखावर बेर्डे यांच्या आयुष्याची छाया पडते, आणि प्रेक्षक चित्रपटाऐवजी एका श्रद्धांजलीत सहभागी होतो. 'कागज के फूल'च्या वाट्याला गुरुदत्त यांच्या १९६४ मधील मृत्यूनंतर आलेल्या गौरवातही हा अंश काही प्रमाणात आहे. 'मेरा नाम जोकर' राज कपूर यांच्या चरित्राचे रूपक म्हणून पाहण्याच्या सवयीतही तो आहे.

या दादेत आणखी एक अंतर्विरोध दडलेला आहे. 'त्याने आपण केवळ विनोदी नट नसल्याचे सिद्ध केले' या वाक्यात 'केवळ' हा शब्द निर्णायक आहे. हसवणे हे खालच्या दर्जाचे आणि रडवणे हे वरच्या दर्जाचे काम, अशी उतरंड त्यात गृहीत आहे. 'अशी ही बनवाबनवी'तील शब्दांच्या टायमिंगमध्ये, सहनटाला वाट करून देण्यात आणि देहाच्या लवचिकतेत जी साधना आहे, तिला या उतरंडीत स्थान नाही. 'एक होता विदूषक' मात्र नेमक्या उलट दिशेने जाणारा चित्रपट आहे. हसवणे हीच आबूरावाची सर्वांत अवघड परीक्षा ठरते. ते विकले जाऊ शकते, सत्तेच्या दावणीला बांधले जाऊ शकते आणि एका मुलासमोर संपूर्ण निष्प्रभही होऊ शकते. हसवण्याचे मोल सांगणाऱ्या चित्रपटाची स्तुती त्यातील गांभीर्यासाठी करणे म्हणजे चित्रपटाचे म्हणणे पुन्हा एकदा न ऐकणे होय. नकार आणि गौरव या दोहोंच्या बुडाशी विनोदाविषयीचा एकच पूर्वग्रह आहे. पहिल्या वेळी प्रेक्षकाला विनोदी नटाचे गांभीर्य नको होते. दुसऱ्या वेळी त्याला विनोदी नटाचा गौरव करण्यासाठी त्याच्या विनोदापासून त्याला वेगळे काढावे लागले.

म्हणून उशिराच्या आकलनापासून उशिराची हळहळ वेगळी करणे हे समीक्षेचे काम ठरते. हळहळीचा विषय कलावंत असतो. आकलनाचा विषय कृती असते. हळहळीने भूतकाळाची भरपाई झाल्यासारखे वाटते, आणि त्यामुळेच ती पुढच्या उपेक्षेला प्रतिबंध करीत नाही. ज्या व्यवस्थेत एका चेहऱ्याचा एकच अर्थ ठरवला जातो, विनोदी नटाला दुसऱ्या कारणासाठी मोठा ठरवावा लागतो आणि चित्रपटाचे भवितव्य काही शहरांतील काही दिवसांत निश्चित होते, ती व्यवस्था या हळहळीने जराही बदलत नाही.

आकलनाच्या बाजूने करण्यासारखे बरेच आहे. पु. लं.च्या या पटकथेचा त्यांच्या विनोदविषयक लेखनाशी अनुबंध जोडून अभ्यास व्हावयास हवा. सोंगाड्या, झाडीपट्टीतील विनोदी नट आणि जोक्कड यांच्या तुलनेत आबूराव हे पात्र कोठे उभे राहते, हे तपासले पाहिजे. त्यासाठी मराठी विभागांना लोकरंगभूमीच्या अभ्यासकांची आणि सीमेपलीकडील भाषांचीही मदत घ्यावी लागेल. ज्या प्रेक्षकांनी हा चित्रपट कधी चित्रपटगृहात पाहिला नाही, त्यांच्यासमोर तो मोठ्या पडद्यावर दाखवून त्यांचा प्रतिसाद नोंदवणे हेही संशोधनाचेच काम आहे. तसे करताना सालेकशाच्या प्रेक्षकाला या चित्रपटाचा नट माहीत असेल, पण त्याच्याशी झालेल्या कराराचे ओझे त्याच्यावर कदाचित कमी असेल. आबूराव आबूराव म्हणून दिसण्याची शक्यता तेथे अधिक आहे, आणि या चित्रपटाला अजून न मिळालेली दाद तीच आहे.